बादलीतला मोर

हॉस्टेलवर आलं की प्रत्येकाला एक नाव पडतं. कुणी 'लंबू' होतो, कुणी 'केटी किंग', कुणी नुसताच 'काका'. माझं नाव पडायला बरोबर तीन दिवस लागले. फर्स्ट इयरला येताना आईनं स्टीलच्या डब्यात वाळवून तळलेली मासळी दिली होती. रात्री अकराला भूक लागली म्हणून डबा उघडला आणि पाच मिनिटांत अख्खी विंग माझ्या दारात! अर्धी नाक धरून, अर्धी हात पुढे करून.

"काय आहे रे हे?"

"चिलापी."

झालं! त्या दिवसापासून आई-वडिलांनी ठेवलेलं माझं नाव फक्त हॉल तिकिटावर उरलं. मेसच्या वहीत चिलापी, क्रिकेटच्या टीममध्ये चिलापी. एकदा तर रेक्टर सरांनीसुद्धा नोटीस बोर्डापाशी हाक मारली, "अरे ए चिलापी, तुझी पावती राहिलीये!" सुरुवातीला फार राग यायचा. आता कुणी खऱ्या नावानं हाक मारली की मीच मागं वळून बघतो, कुणाला बोलावताहेत म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चिलापी म्हणजे टिलापिया. पुणे-सोलापूर रोडवर भिगवणला थांबून ज्यांनी मच्छी-थाळी हाणलीये, त्यातल्या बहुतेकांनी तिची चव घेतलीये. आमचं गाव तिथून जवळच, उजनीच्या पाण्याच्या कडेला. 'कडेला' म्हणजे आत्ताचं गाव. जुनं गाव पाण्याखाली आहे. १९८० साली धरण पूर्ण झालं आणि भीमेकाठची आमची घरं, देऊळ, मळा, सगळं यशवंतसागरात गेलं. इरिगेशनच्या पुस्तकात उजनी म्हणजे ११७ टीएमसीचा साठा, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. 'मृतसाठा' हा शब्द वर्गात पहिल्यांदा ऐकला तेव्हा सगळे लिहून घेत होते. मला मात्र आज्याची विहीर आठवली.

आज्या नदीत मासे धरायचा. त्याच्या गोष्टींत वाम असायची, मरळ असायचा, हाताएवढ्या मिश्यांचा शिंगाडा असायचा. अण्णांच्या गोष्टींत कटला आणि रोहू असतात. आणि मी लहानपणापासून पाहिली ती मुख्यतः चिलापी. तीही वर्षावर्षाला बारीक होत गेलेली. आधी किलोत दोन-तीन बसायची, मग पाच-सहा, मग मोजायचंच सोडून दिलं. बारीक मासळीला लिलावात भाव येत नाही. डिझेल, जाळं, बर्फ यांचे भाव मात्र कधी बारीक होत नाहीत! सेकंड इयरची फी भरायची होती तेव्हा अण्णांनी फोनवर "करतो कायतरी" एवढंच म्हटलं. त्या 'कायतरी'चा अर्थ मला पुढे कळला. तो सांगेनच.

तर मंडळी, अशा परिस्थितीत इंजिनिअरिंगचा विद्यार्थी काय करतो? सोल्युशन काढतो. प्रॉब्लेम दिसला की त्यात एक पार्ट बसवायचा, ही आपली सवय. लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर असाइनमेंट करता करता मला माझा पार्ट सापडला. त्याचं नाव पीकॉक बास.

रूममेट म्हणाला, "बास? बास की मग!" पण मी थांबणार नव्हतो.

वाचलं ते असं. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये, मायामीच्या आसपास, चुनखडीचा दगड कापून काढलेले खोल कालवे आहेत. त्या कालव्यांत बाहेरून आलेली टिलापिया माजली होती. म्हणून तिथल्या मत्स्य खात्यानं १९८४ साली मुद्दाम पीकॉक बास सोडले. हे शिकारी मासे टिलापियाची पिल्लं खातात, शिवाय गळाला लागले की जोरदार झुंज देतात, त्यामुळे हौशी लोकही खूश. योजना बऱ्यापैकी जमली. मला तर घबाडच मिळालं. तिकडे टिलापिया, इकडे चिलापी. तिकडे कालवा, इकडे धरण. शिकारी सोडायचा, बारीक चिलापी कमी करायची, उरलेली मोठी होईल, भाव येईल, अण्णांचं भलं होईल. सोप्पं!

विषय पेपर प्रेझेंटेशनला दिला आणि वाचनाला लागलो. मासा खरंच देखणा आहे. सोनेरी-हिरवं अंग, त्यावर काळे पट्टे आणि शेपटीच्या मुळाशी मोराच्या पिसातल्या डोळ्यासारखा पिवळ्या कडेचा काळा ठिपका. म्हणून आम्ही त्याचं मराठी नाव ठेवलं 'मोरमासा'. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतला; अ‍ॅमेझॉन, ओरिनोको आणि गयानाच्या नद्यांमधला. तिकडे त्याला तुकुनारे म्हणतात. एकच जात नाही, २००६ च्या वर्गीकरणात त्याच्या पंधरा जाती धरल्या आहेत. आणि गंमत म्हणजे नावात 'बास' असला तरी तो बास नाहीच. तो सिक्लिड कुळातला, म्हणजे थेट टिलापियाच्या कुळातला! चिलापीला आवरायला मी तिचाच भाऊबंद आणत होतो. आमच्या तालुक्यात हे काही नवीन नाही म्हणा.

वाचून भागेना, म्हणून शहरातल्या एका मत्स्यालयाच्या दुकानातून चार मोरमासे घेतले. बोटाएवढे. मेसच्या डिपॉझिटमधून उरलेले सहाशे रुपये गेले. प्लॅन असा की हॉस्टेलवर थोडे वाढवायचे, प्रेझेंटेशनला दाखवायचे आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी नेऊन उजनीत सोडायचे. अण्णांना सरप्राइज!

आमच्या गॅलरीत अर्धं कापलेलं निळं ड्रम होतं, त्यात त्यांचं बिऱ्हाड मांडलं. सगळे त्याला बादलीच म्हणायचे. विंगमधली पोरं दात घासता घासता मोर बघायला येऊ लागली. दोन गोष्टी लगेच लक्षात आल्या. एक, हे मासे उजेडाचे गडी. दिवसा काही टाकलं की झडप, पण अंधार पडला की तळाशी गप्प. पुस्तकातही तेच होतं, हा मासा डोळ्यांनी शिकार करतो, रात्री खात नाही. (आमच्या विंगच्या बरोबर उलट!) दुसरी गोष्ट, भूक प्रचंड. कॉलेजच्या कारंज्याच्या हौदात डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडलेले आहेत. मी रोज संध्याकाळी गाळणी घेऊन तिथं जायचो आणि पंधरा-वीस गप्पी आणायचो. सकाळी नऊपर्यंत गप्पी गायब.

महिनाभर हे चाललं. सप्टेंबर संपता संपता हौदात गप्पी दिसेनासे झाले. ऑक्टोबरात आमच्या विंगमध्ये डास एवढे वाढले की लोक मच्छरदाणीत बसून सबमिशन लिहू लागले. योगायोग असेल, नसेलही. मी कुणाला काही बोललो नाही. आज कबूल करतो. तेव्हा ज्यांनी माझ्या रूमची कॉइल उसनी नेली, त्यांनी ती परत करायची गरज नाही.

प्रेझेंटेशनच्या आठवडाभर आधी फ्लुइड मेकॅनिक्सच्या सरांना स्लाइड्स दाखवायला गेलो. सर म्हणजे मोजकं बोलणारा माणूस. सगळं शांतपणे पाहिलं. मग म्हणाले, "फ्लोरिडा झालं. हाच मासा आणखी कुठं कुठं सोडलाय?"

"पनामात आहे सर. हवाईत आहे. ब्राझीलमध्ये…"

"ब्राझील तर त्याचं घर ना?"

"घर उत्तरेला सर. दक्षिणेकडच्या धरणांत नेऊन सोडलाय."

"मग तिथं काय झालं ते का नाही स्लाइडवर? एका रीडिंगवर ग्राफ काढतोस?"

उत्तर नव्हतं. ओरलला जसं होतं तसं झालं. परत लायब्ररीत गेलो आणि या वेळी मला हवं ते न शोधता, जे आहे ते वाचलं.

पनामा कालव्याच्या मधोमध गातून नावाचा जलाशय आहे. चाग्रेस नदीवर धरण बांधून केलेला, १९१३ मध्ये भरलेला. सिव्हिलवाल्यांनी त्याचा फोटो पुस्तकात पाहिला असेल, त्यातूनच जहाजं जातात. १९६० च्या दशकात कुणीतरी तळ्यात पाळलेले मोरमासे त्या पाण्यात निसटले. तिथं काय झालं ते झारेट आणि पेन या दोन शास्त्रज्ञांनी १९७३ साली 'सायन्स'मध्ये लिहिलं. आधी सर्रास सापडणाऱ्या आठ जातींच्या माशांपैकी सहा त्या भागातून नाहीशा झाल्या, सातवी अगदी थोडी उरली. छोटे मासे गेले म्हणून त्यांच्यावर जगणारे पक्षी कमी झाले. छोटे मासे डासांच्या अळ्या खायचे, तेही थांबलं, आणि त्याचा मलेरियाशी संबंध असू शकेल अशी शंका त्यांनी मांडली. हे वाचताना माझ्या कानाशी एक डास गुणगुणत होता. खोटं नाही सांगत.

पुढचं त्याहून वाईट. २०१७ साली त्याच जलाशयाचा नवा अभ्यास छापून आला. पंचेचाळीस वर्षं उलटूनही तिथले मासे पूर्वपदावर आलेले नव्हते. आणि आणखी एक गोष्ट. पनामातले लोक त्या माशाला सार्जंट म्हणतात, आवडीनं धरतात आणि खातात. म्हणजे ज्यानं सगळं खाल्लं, त्याच्यावरच आता लोकांची चूल. मला आमची चिलापी आठवली. तिचंही तेच की!

ब्राझीलमध्ये परानापानेमा नदीवर रोझाना नावाचं धरण आहे. तिथं मोरमासा आल्यावर पाणवनस्पतींच्या आसऱ्यानं राहणारे छोटे मासे दोनच वर्षांत सुमारे ९५ टक्क्यांनी कमी झाले आणि जातींची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली. हा अभ्यास २००९ चा.

मग प्रश्न पडला, हा मासा एवढा राक्षस असेल तर अ‍ॅमेझॉन केव्हाच रिकामी व्हायला हवी होती. तसं तर झालेलं नाही. हजारो वर्षं तो तिथं आहे आणि त्याच्यासोबत शेकडो जातीही आहेत. मासा तोच, दात तेच, भूक तीच. मग फरक कशात?

फरक पाण्यात होता. मानौस शहराजवळ नदी वर्षाकाठी सरासरी दहा मीटर चढते-उतरते. आपल्या हॉस्टेलच्या तिन्ही मजल्यांएवढी! पाणी चढलं की जंगलात शिरतं आणि छोटे मासे झाडांच्या खोडांत, मुळांत पांगतात. मोरमाशाला शिकार शोधत हिंडावं लागतं. पाणी उतरलं की सगळे डबक्यांत गोळा होतात, तेव्हा त्याची दिवाळी. म्हणजे नदीच त्याला वर्षातले काही महिने उपास घडवते. विणीची वेळही तो नदीच्या चढ-उताराशी जुळवतो. पाण्याचा अंदाज घेत जोडी जमते, नराच्या डोक्यावर टेंगूळ येतं, दोघं मिळून अंडी-पिल्लांवर पहारा देतात. मोठ्या जातीत विणीच्या काळात रंगसुद्धा इतका बदलतो की ठिपक्यांचा आणि पट्ट्यांचा असे दोन वेगळे मासे असल्याचं लोक समजत होते. प्रत्यक्षात मासा एकच, फक्त ऋतू वेगळा. शिवाय तिथं त्याच्या उरावर बसायला मगरीच्या जातीचे केमन आहेत, पाणमांजरं आहेत, नदीतले डॉल्फिन आहेत, पिरान्हा आहेत. आणि छोटे मासेही कच्चे नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या त्याला ओळखतात, कधी पळायचं, कुठं लपायचं हे त्यांच्या रक्तात आहे.

धरणात यातलं काय असतं? पाणी जवळजवळ थांबलेलं. पांगायला जंगल नाही. पाणी स्वच्छ असेल तर लांबूनच शिकार दिसते. वरचढ कुणी नाही. आणि बिचाऱ्या छोट्या माशांनी असला प्राणी जन्मात पाहिलेला नाही. पळायचं असतं हेच त्यांना माहीत नाही. फर्स्ट इयरच्या पोरांसारखं. सीनिअर गोड बोलला की गेले त्याच्यामागं, आणि मग त्याचं जर्नल लिहीत बसले.

फ्लोरिडात बरं चाललं, त्यालाही कारण होतं. ते कालवे माणसानंच खोदलेले, तिथं बाहेरचे मासे आधीच भरलेले. आणि सोडण्याआधी त्या लोकांनी मासा किती थंडी सोसतो हे तपासलं होतं. पाणी पंधरा-सोळा अंशांच्या खाली गेलं की हा मरतो. म्हणजे उत्तरेकडची थंडी हेच त्याचं कुंपण. जानेवारी २०१० मध्ये तिकडे कडाक्याची थंडी पडली तेव्हा पुष्कळ मोरमासे मेलेही. उजनीला असलं कुंपण कुठून आणणार?

तरीही माझ्याकडे एक शेवटचा मुद्दा होता. शेपटीवरचा तो डोळा. झारेटनंच १९७७ मध्ये मांडलं होतं की त्या ठिपक्यामुळे मोरमासे आपल्या जातीची पिल्लं ओळखतात आणि खात नाहीत. मी ही स्लाइड जपून ठेवली होती. 'शिस्तबद्ध शिकारी' असं टायटलही दिलं होतं.

प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी सकाळी रूममेटनं हाक मारली. "चिलापी, तुझे मोर तीनच आहेत." गेलो. ड्रममध्ये तीनच होते. त्यातल्या सगळ्यात मोठ्याच्या तोंडातून दोन बोटं शेपूट बाहेर आलेलं होतं. गप्पी संपले होते ना! गेल्या दोन दिवसांत मी कणकेच्या गोळ्यांवर भागवलं होतं.

त्या वयात ठिपका नीट उमटलेला नसतो, हा एक बचाव झाला. पण दुपारी आणखी एक पेपर सापडला, २००४ सालचा. आग्नेय ब्राझीलमध्ये रिओ ग्रांदे नदीवरच्या व्होल्टा ग्रांदे धरणात सोडलेल्या मोरमाशांच्या पोटात काय मिळालं? मुख्यतः मोरमाशांचीच पिल्लं. स्वतःच्या नदीत जो आपल्या पिल्लांवर पहारा देतो, तोच परक्या धरणात स्वतःची जात खाऊन जगतो.

स्लाइड डिलीट केली. प्रेझेंटेशन दिलं, पण शीर्षक बदलून. नंबर काही आला नाही. शेवटी सर एवढंच म्हणाले, "मॉडेल आणि प्रोटोटाइप शिकवलं होतं तुम्हाला. लॅबमधल्या फ्लूममध्ये पाणी जसं वाहतं तसं नदीत वाहत नाही, स्केल इफेक्ट येतो. माशाचंही तेच. बादलीतला मासा बादलीसारखा वागतो, नदीतला नदीसारखा. मासा एकटा कधी नसतो."

दिवाळीला गावी गेलो. मासे नेले नाहीत. रूममेटकडे ड्रम सोपवलं आणि रिकाम्या हातानं एसटीत बसलो. पाडव्याच्या पहाटे अण्णांबरोबर होडीत गेलो. अंधार होता, पाण्यावर गारवा होता, लांब रोडवरच्या गाड्यांचे दिवे दिसत होते. जाळं ओढता ओढता सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं, अण्णा हसतील. ते हसले नाहीत.

"म्हंजे तू हितं आणून सोडणार व्हतास?"

"हो अण्णा. तुम्हाला न सांगता."

बराच वेळ वल्ह्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग म्हणाले, "तुझ्या आज्याला बी असंच सांगितलं व्हतं. ही मासळी लै चांगली, लवकर वाढती, कुठं बी जगती. आज्या म्हनला, कुठं बी जगती ती दुसऱ्याला जगू दील का? पर आज्याचं ऐकतो कोन!"

आज्यानं शाळा पाहिली नव्हती. चिलापी १९५२ साली श्रीलंकेमार्गे भारतात आली, हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण मला सापडलेलं सगळं त्याच्या एका वाक्यात होतं. आफ्रिकेतल्या झांबेझी आणि त्याच्या दक्षिणेकडच्या नद्यांत हीच टिलापिया टायगरफिशच्या दातांखाली, गरुडाच्या नखांखाली, मगरीच्या जबड्यासमोर जगते. नर तळाशी खळगा करतो, मादी अंडी तोंडात घेऊन उपाशी राहून पिल्लं जपते. अशी आईची माया असलेला हा मासा. पण परक्या पाण्यात गर्दी झाली, खायला कमी पडलं, की तीच मासळी वाढायचं थांबवते आणि दोन-तीन महिन्यांतच, वीतभरही नसताना, पिल्लं काढायला लागते. म्हणून ती बारीक. मी हे अण्णांना मोठ्या ऐटीत समजावलं.

"ते खरं असंल," अण्णा म्हणाले. "पर मासळी बारीक झाली त्याला आनखी एक कारन हाय." त्यांनी होडीच्या टोकाला झाकलेलं गोणपाट बाजूला केलं. खाली जाळं होतं. त्याचे डोळे इतके बारीक की करंगळीसुद्धा जाणार नाही. "सगळीच वडाप वडत्यात. एकट्यानं मोठ्या डोळ्याचं टाकून काय घावतंय? मोठी व्हायच्या आधीच समदी उचलायची. मागल्या साली तुझी फी यातनंच भरली. मेसबी."

मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखं होतं काय? दोन महिने मी चिलापीला खाणारा शिकारी शोधत फिरत होतो. शिकारी आमच्याच होडीत, गोणपाटाखाली होता, आणि त्याच्या पैशांवर मी त्याचाच शोध घेत होतो. लाज वाटली का? अण्णांची नाही वाटली. माझी वाटली.

उजाडल्यावर अण्णा म्हणाले, "ह्या साली सोसायटीत बोलतो. बोटुकली सोडल्यावर चार म्हैने तरी बारकं जाळं नगो म्हनून. ऐकतील का न्हाय ते बगू." एवढ्यावर विषय संपला. ते बोलले. निम्म्यांनी ऐकलं, निम्म्यांनी नाही. अण्णांनी मात्र वडाप परत पाण्यात टाकलेलं नाही. त्या टर्मला मी रात्री लायब्ररीत कमवा आणि शिका योजनेत काम धरलं. डोळे चुरचुरायचे, पण मेसचं जेवण कधी नव्हे ते गोड लागलं.

राहिले ड्रममधले तीन मोर. दुकानदार परत घेईना. मित्र सुचवायचे, कॅम्पसच्या तळ्यात सोड, कॅनॉलमध्ये सोड, 'बिचाऱ्यांना मोकळं कर'. मी नाही केलं. डिसेंबरात थंडी पडली. एका रात्री पारा दहाच्या खाली गेला आणि सकाळी ड्रममध्ये तिघंही उलटे. उजनीचं पाणी एका रात्रीत असं गार होत नाही, तिथं ते जगले असते. बादलीत मेले. सरांचं स्केल इफेक्ट! हॉस्टेलमागच्या गुलमोहराखाली त्यांना पुरलं. रूममेटनं दोन मिनिटं शांतता पाळली, मग म्हणाला, "बास की आता." या वेळी मीही म्हणालो, बास.

आता मी थर्ड इयरला आहे. हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. दरवर्षी मे महिन्यात रूम रिकाम्या होतात आणि फिश टँकचं काय करायचं हा प्रश्न येतो. गेल्या वर्षी दोघांनी टँक तळ्यात रिकामे करताना मी पाहिले. वाईट हेतूनं नाही, दयेनंच. उजनीत अलीकडे जाळ्यात सकर मासे येतात, काटेरी, कडक, कुणी न घेणारे. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले आणि मत्स्यालयात काच साफ करायला आणलेले. ते जाळी फाडतात. अण्णा प्रत्येक मासा सोडवताना शिव्या घालतात, आणि मला वाटतं त्यातली अर्धी शिवी माझ्यासारख्याच कुणातरी दयाळू मुलाला असावी. म्हणून विनंती, टँक ज्युनिअरला द्या, डिपार्टमेंटला द्या, दुकानदाराच्या पाया पडा, पण पाण्यात सोडू नका. ज्या हौदातून मी गप्पी पळवले, तिथं मी परत गप्पी आणून सोडलेत. तेही परदेशीच, पण हौदातल्या हौदात राहतात. निदान कारंजं फुटेपर्यंत.

शेवटी एक गोष्ट. परवा वाचलं की ज्या टिलापियानं जगभर एवढा उच्छाद मांडला, तीच मोझांबिक टिलापिया तिच्या मूळ आफ्रिकेतल्या नद्यांत धोक्यात आहे. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तिची नोंद 'असुरक्षित' म्हणून झालीये. कारण? माणसानं तिथं नेऊन सोडलेली नाईल टिलापिया. तिच्याशी संकर होऊन मूळची जात पुसली जातेय. बाहेर दादागिरी आणि घरी हाल.

आता कुणी "ए चिलापी!" म्हणून ओरडलं की मी ओ देतो. एवढंच सांगतो की चिलापी वाईट नसते रे. ती कुठल्या पाण्यात आहे ते आधी बघ.